ढालकिड्याचे उपकार

गेल्या कार्तिकांतील गोष्ट. आमच्या घरामागें कुंपणाला लागून वालाचा एक वेल आहे. दरवर्षीं थंडीची चाहूल लागली कीं त्याला फुलोरा येतो, आणि फुलोऱ्याच्या मागोमाग, बोलावल्यासारखा, मावाही येतो. कोंवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांच्या देंठांशीं तो काळ्या रव्यासारखा दाटून बसतो. पानें आकसतात, खालच्या पानांवर चिकटा सांडतो आणि त्या चिकट्यावर काजळीसारखी बुरशी चढते. या वर्षीं तो जरा लवकरच पडला होता. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टाळण्यास एक सबळ कारण मिळालें, या आनंदांत मी सकाळीं वेलापाशीं जाऊन उभा राहिलों.

तेथें माव्याखेरीज आणखी दोन प्रकारचे प्राणी मला दिसले. एक होता तुरीच्या डाळीएवढा, वाटोळा, शेंदरी रंगाचा भुंगेरा. पाठीवर काळी नागमोडी नक्षी, आणि अंगावर अशी तकाकी कीं आतांच कोणी रोगण देऊन ठेवला असावा. त्याला पाहून मन प्रसन्न झालें. दुसरा प्राणी अगदींच निराळा. राखाडी-काळा, लांबट, सहा पायांवर सरपटणारा, अंगावर कांटेरी गांठी आणि मधून मधून पिवळे डाग. सुसर चिमटींत मावेल एवढी लहान केली तर जशी दिसेल तसा. हाच वेलाचा खरा शत्रु, अशी माझी तत्काळ खात्री झाली. कडुलिंबाची एक काडी मोडून घेऊन मीं अशा तीसएक किड्यांचा निकाल लावला. काम झाल्यावर कर्तव्य केल्याचें जें एक विशिष्ट समाधान असतें तें मला लाभलें, हेंही लपवून ठेवीत नाहीं.

दोन दिवसांनीं माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. तो शेतकीचा पदवीधर आहे. बोलतां बोलतां मीं त्याला माझा पराक्रम ऐकविला. तो उठून वेलापाशीं गेला, पान उलटें करून एक वाचलेला किडा त्यानें बोटावर घेतला आणि म्हणाला, "सर, आपण मारलेत ते हेच का? हीं त्या तांबड्या भुंगेऱ्याचींच पिलें. मोठ्याच्या बरोबरीनें मावा खातात. कधीं कधीं त्याहून जास्तच."

"अरेरे," मी म्हणालों, "पाप झालें हातून!"

पायरीवर बसून आमच्या घरांतून शेंगा सोलणें चालू होतें. तिकडून प्रश्न आला, "अहो, पण हीं पिलें मावा खात नसतीं, तर पाप झालें नसतें का?"

तीस वर्षें मी महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवीत आलों आहें. या प्रश्नाचें उत्तर मला त्या वेळीं देतां आलें नाहीं. विद्यार्थी समंजस होता. त्यानें चहाचा विषय काढला. पण प्रश्न मात्र मनांतून जाईना. त्याच्या निमित्तानें या प्राण्याविषयीं जें कांहीं वाचलें आणि पाहिलें, आणि त्यांतून जे विचार सुचले, ते येथें मांडीत आहें.

हा प्राणी आपल्याकडे सर्वत्र असून मराठींत त्याला एक ठाम नांव नाहीं, हें मला चमत्कारिक वाटतें. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनींतून वर येणाऱ्या मखमली किड्याला आपण मृगाचा किडा म्हणतों. संस्कृत कवींचा इंद्रगोप तोच, असें बहुतेक विद्वान मानतात. या भुंगेऱ्याच्या वांट्याला तो मान आला नाहीं. शेतकीचीं पुस्तकें त्याला ढालकिडा किंवा चित्रांग भुंगेरा म्हणतात आणि शहरांतलीं मुलें सरळ लेडीबग म्हणतात. युरोपांत मात्र त्याचे लाड विलक्षण झाले. इंग्रजी नांवांतील 'लेडी' म्हणजे येशूची माता मेरी. जर्मन लोक त्याला मेरीचा भुंगेरा म्हणतात, फ्रेंच लोक देवाचा प्राणी म्हणतात, आणि रशियन लोकांनीं तर त्याला देवाची गाय करून टाकलें आहे. सात ठिपक्यांच्या जातीचा संबंध मेरीच्या सात दुःखांशीं जोडण्याची तिकडे प्रथा आहे. आपल्याकडे कांहीं मुलें ठिपके मोजून त्याचें वय सांगतात. तें अर्थातच खोटें. ठिपके जातीवर अवलंबून असतात, वयावर नव्हे, आणि कोषांतून बाहेर पडल्यावर कांहीं तासांत जे उमटतात ते अखेरपर्यंत तेवढेच राहतात.

या देवाच्या गाईचें चरित्र थोडक्यांत असें. जगांत हिच्या सुमारें सहा हजार जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मांसाहारी आहेत. मादी माव्याच्या वस्तीजवळ पानाच्या मागें पिवळींधमक, टोंकदार अंडीं उभीं रचून घालते, दहा-वीस-तीस अशा पुंजक्यांनीं. दुसऱ्या अळ्या जेथें आधींच फिरून गेल्या आहेत तेथील वास तिला कळतो आणि ती शक्यतों ती जागा टाळते. आपल्या हवेंत तीन-चार दिवसांत अंडीं फुटतात. अळी चार वेळां कात टाकून—खरें म्हणजे तीन वेळां कात टाकून चौथ्या अवस्थेंत पोंचून, चौथ्या वेळीं कोषच होतो—दीड-दोन आठवड्यांत पूर्ण वाढते. तेवढ्या काळांत ती कित्येक शें मावे फस्त करते. मग शेपटीकडची बाजू पानाला चिकटवून ती निश्चल होते, आणि पांच-सात दिवसांनीं त्या कोषांतून जो भुंगेरा निघतो तो प्रथम फिकट पिवळा, ओलसर आणि अगदीं निष्प्रभ असतो. रंग मागाहून चढतो. तो रंग शोभेसाठीं नाहीं. तें भक्षकांना लिहिलेलें इशारापत्र आहे. भुंगेऱ्याला डिवचलें कीं तो पाय आंखडून मेल्याचें सोंग घेतो आणि गुडघ्यांतून पिवळ्या रक्ताचे थेंब सोडतो. त्याला उग्र वास येतो, चव अतिशय कडू असते आणि त्यांत अल्कलॉइड वर्गाचें विष असतें. एकदां चव घेतलेला पक्षी तांबडा रंग सहसा विसरत नाहीं.

म्हणजे ज्या तकाकीनें माझें मन प्रसन्न झालें, ती 'मला हात लावूं नका' अशी धमकी होती, आणि ज्या पिलांची मला किळस आली तींच माझें काम करीत होतीं. सौंदर्यावरून स्वभाव ठरवूं नये हें आपण मुलांना शिकवितों. पण काडी हातांत आली कीं न्यायाधीशाचें काम डोळेच करतात. यांत मी एकटा नाहीं, हा एक दुबळा दिलासा. द्राक्षांवरील पिठ्या ढेकणाचा फडशा पाडणारा क्रिप्टोलीमस नांवाचा या कुळांतलाच एक भुंगेरा आहे. नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार तो विकत आणून बागेंत सोडतात. त्याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके असतात, आणि ती ज्याला खाते त्या पिठ्या ढेकणासारखीच हुबेहुब दिसते. तेव्हां माहीत नसलेल्या गड्यानें रोग समजून औषधच चिरडावें, हें सहज घडण्यासारखें आहे. उलटपक्षीं २००२ सालीं सांगलीकडे उसावर लोकरी मावा पडला आणि पाहतां पाहतां पसरला, तेव्हां त्याला आटोक्यांत आणण्याचें काम मुख्यतः एका पतंगाच्या अळीनें आणि एका तपकिरी, पारदर्शक पंखांच्या किड्याच्या पिलांनीं केलें. पहिल्याचें नांव डिफा, दुसऱ्याचें मायक्रोमस. दोन्ही दिसावयास अगदीं सामान्य. त्यांचीं चित्रें मुलांच्या दप्तरांवर कोणी छापीत नाहीं.

पण हा झाला अज्ञानाचा दोष. तो माहितीनें दूर होतो. पायरीवरून आलेला प्रश्न अधिक अवघड आहे. मला वाईट वाटलें तें नेमकें कशाचें? एक जीव मारल्याचें, कीं माझ्या उपयोगाचा जीव मारल्याचें?

प्रामाणिकपणें उत्तर द्यावयाचें तर दुसऱ्याचें. याला पुरावा माझ्याच अंगणांत आहे. वालाच्या वेलापासून चार हातांवर वांग्याचीं सहा रोपें आहेत आणि त्यांवर याच कुळांतील एक भुंगेरा येतो. रंग जरा मळकट तांबूस, पाठीवर अठ्ठावीस ठिपके. शास्त्रज्ञ याला हेनोसेपिलॅक्ना म्हणतात. हा आणि याचीं पिवळीं, कांटेरी पिलें पानाचा हिरवा भाग खरवडून खातात. मागें उरतें तें जाळीदार चिंधीसारखें पान. आतां गंमत पाहा. या सबंध कुळांत हा आणि याचे थोडे सोयरे तेवढे शाकाहारी. याचें पोट वनस्पतींवर भरतें. आणि शेतकऱ्याच्या पंचांगांत हा शत्रु, तर जन्मापासून मरेपर्यंत जिवंत प्राणी फाडून खाणारा त्याचा भाऊ मित्र! ज्या घरांत अंडें आणलेलें चालत नाहीं त्या घराच्या अंगणांतसुद्धां हाच निवाडा होतो. मित्रकीड आणि शत्रुकीड हे शब्द मी आतां ऐकतों तेव्हां मला त्यांत कीड कोठेंच दिसत नाहीं; दिसतें तें आपलें ताट.

आणि मित्राच्या घरांत डोकावलें तर तेथें काय आढळतें? अंड्यांच्या पुंजक्यांतून जें पिलूं प्रथम बाहेर येतें तें आपल्या कवचाचा फराळ झाला कीं शेजारच्या, अजून न फुटलेल्या अंड्याकडे वळतें. तें अंडें म्हणजे त्याचा सख्खा भाऊ किंवा बहीण. कांहीं अंडीं मुळांतच वांझ असतात. तीं जणुं आईनें बांधून दिलेली शिदोरी, असें म्हणतां येईल. पण सर्वच तशीं नसतात. दोन ठिपक्यांच्या युरोपी जातींत तर कांहीं माद्यांच्या शरीरांत असे सूक्ष्म जंतु राहतात कीं ते नर-पिलांना अंड्यांतच मारून टाकतात. बहिणी जगतात, आणि पहिल्या जेवणाला भावांचीं मेलेलीं अंडीं मिळाल्यामुळें जोमानें जगतात. जंतु मातेकडूनच पुढच्या पिढींत जातो, नराकडून जात नाहीं; तेव्हां त्याच्या हिशेबीं नर हा निव्वळ तोटा. इतका थंड जमाखर्च मीं एखाद्या सावकाराच्या वहींतही पाहिला नाहीं.

याहून मन अस्वस्थ करणारी गोष्ट डायनोकॅम्पस नांवाच्या एका बारीक गांधीलमाशीची. ती भुंगेऱ्याच्या अंगांत एक अंडें घालते. आंतली अळी त्याला मारून न टाकतां आंतल्या आंत वाढते, यथाकाल बाहेर पडते आणि भुंगेऱ्याच्या पायांमध्यें आपला कोष विणते. भुंगेरा जिवंत असतो, पण हलत नाहीं. तो त्या कोषावर पहारा देत उभा राहतो, मधून मधून अंग थरथरवितो, आणि कोषाला खावयास आलेले किडे त्यामुळें दूर राहतात. कांहीं भुंगेरे यांतून पुढें बरेही होतात. ज्याला ही पूर्वकथा ठाऊक नाहीं त्यानें हें दृश्य पाहिलें तर तो म्हणेल, काय ही वात्सल्याची मूर्ति! गांधीलमाशांच्या अशाच दुसऱ्या कुळाचें उदाहरण डार्विननें १८६० सालीं एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत घेतलें होतें. जिवंत सुरवंटाला आंतून खाणारा प्राणी दयाळू परमेश्वरानें हेतुपुरस्सर निर्माण केला असेल हें त्याच्या मनाला पटेना. मला त्या पहारेकरी भुंगेऱ्याकडे पाहून देवाविषयीं नव्हे, तर माणसांविषयीं शंका येते. बाहेरून दिसणाऱ्या वागणुकीवरून 'कर्तव्यनिष्ठ' हें विशेषण आपण किती जणांना देत असतों!

येथें कोणी म्हणेल, किड्यामुंग्यांना नीति कसली? त्यांना धर्म नाहीं तसा अधर्मही नाहीं. हें मला मान्य आहे. पण मग मित्र हा शब्दही परत घ्यावा लागेल, आणि माझ्या 'अरेरे'चाही हिशेब द्यावा लागेल. केवळ हेतूवरून कृत्याची किंमत करणाऱ्या कांटच्या मतानें पाहिलें तर ढालकिड्याच्या नांवावर एक पैही जमा होत नाहीं. तो भूक भागवितो, माझा वेल वांचवीत नाहीं. केवळ परिणाम पाहणाऱ्या मिल्लच्या मतानें पाहिलें तर त्याला सन्मानपत्र द्यावें लागेल, आणि मावा संपून शेजारच्या बागेंत उडून गेल्याच्या दिवशीं तें परत मागावें लागेल. हीं दोन्ही मतें जाणत्यांसाठीं बनविलीं गेलीं. अजाणत्याच्या अंगाला तीं बसत नाहींत, हेंच खरें.

मला या प्रसंगीं महाभारताच्या वनपर्वांतील धर्मव्याधाची आठवण झाली. कौशिक नांवाचा तपस्वी ब्राह्मण, बगळीला नुसत्या कोपदृष्टीनें जाळणारा, एका गृहिणीच्या सांगण्यावरून मिथिलेच्या बाजारांत मांस विकणाऱ्या व्याधाकडे धर्म शिकावयास जातो. गृहिणीच्याच एका बोलण्यावरून मी हा लेख लिहावयास बसलों, तेव्हां निम्मा कौशिक तरी मी झालोंच. तो व्याध आपल्या धंद्याचें समर्थन करतांना ब्राह्मणाच्या लक्षांत आणून देतो कीं नांगराच्या फाळाखालीं असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यांतही जीव आहे, आणि चालतांना पायाखालीं काय चिरडतें याची गणती नाहीं. मी हा संवाद अनेकदां वर्गांत सांगितला आहे, आणि दरवेळीं त्याचा निष्कर्ष, हिंसा अटळ आहे तेव्हां तिची फार चिंता करूं नये, असा काढला आहे. आतां मला वाटतें कीं मी व्याधाला चुकीचा समजलों. तो ब्राह्मणाला मोकळीक देत नाहीं. ब्राह्मणाचे हात स्वच्छ आहेत हा समज तेवढा काढून घेतो. या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे.

अजाणत्याच्या उपकाराची एक मोठी कथा अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत घडली. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतून आलेल्या झाडांबरोबर आयसेरिया नांवाची पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड तेथें शिरली आणि वीस वर्षांत तिनें संत्र्या-लिंबांच्या बागा मरणपंथाला लावल्या. सरकारी कीटकशास्त्रज्ञ रायली यांनीं विचार केला कीं ही कीड तिच्या मायदेशीं इतकी माजत नाहीं, अर्थी तेथें तिला खाणारें कोणी तरी असलें पाहिजे. त्यांच्या खात्याला परदेश-प्रवासासाठीं खर्च करण्याची मनाई होती. म्हणून मेलबोर्नच्या प्रदर्शनाचें निमित्त करून १८८८ सालीं अल्बर्ट कोबेल यांना तिकडे धाडण्यांत आलें. मुख्य भरंवसा होता तो एका परोपजीवी माशीवर. कोबेल यांना ॲडिलेडला एका बागेंत एक लहानसा तांबडा-काळा भुंगेराही आढळला, तोही त्यांनीं बर्फाच्या पेटींतून पाठविला. पहिल्या तीन हप्त्यांत मिळून एकशें एकोणतीस भुंगेरे पोंचले. लॉस अँजेलिसमध्यें एका झाडाभोंवतीं तंबू ठोकून ते आंत सोडले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेथून दहा हजारांहून अधिक भुंगेरे वांटले गेले होते, आणि १८८९ संपेपर्यंत कीड बहुतेक नाहींशी झाली. हाच रोडोलिया भुंगेरा पुढें निलगिरींत ती कीड उपटल्यावर आपल्याकडेही आणण्यांत आला. १९४५ नंतर कॅलिफोर्नियाच्या कांहीं भागांत बागांवर डी. डी. टी. फवारूं लागले, भुंगेरे मेले, आणि साठ वर्षें दबून राहिलेली कीड पुन्हां वर आली. उपकारकर्ता होता हें, तो गेल्यावर कळलें. याबाबतींत किडे आणि माणसें सारखींच.

परंतु या कथेची एक बहीण आहे आणि ती इतक्या आनंदानें सांगण्यासारखी नाहीं. पूर्व आशियांतील हार्मोनिया नांवाचा मोठा, खादाड ढालकिडा अशाच सद्‌हेतूनें युरोप-अमेरिकेंत नेण्यांत आला. फ्रान्समध्यें १९८२ सालीं तो आणला गेला आणि पुढें तो विकतही मिळूं लागला. त्यानें मावा खाल्ला, यांत शंका नाहीं. पण मावा संपल्यावर त्यानें तेथील मूळच्या ढालकिड्यांचीं अंडीं आणि पिलेंही खाल्लीं. २००४ सालीं तो इंग्लंडांत पोंचला, आणि थोड्याच वर्षांत तेथील दोन ठिपक्यांची जात पूर्वी दिसे तेथें दिसेनाशी होऊं लागली. थंडींत हे भुंगेरे थव्यांनीं घरांत शिरतात. द्राक्षांबरोबर चिरडले गेले तर मद्याला घाण वास येतो. काल ज्याची जाहिरात मित्र म्हणून झाली तो आज उपद्रवी प्राण्यांच्या यादींत आहे. भुंगेऱ्यानें काय बदललें? कांहींच नाहीं. त्याची तीच भूक, तेच जबडे. रोडोलिया जवळजवळ एकाच किडीवर जगतो, हार्मोनिया मिळेल तें खातो. हा फरक दोघांच्या पोटाचा, शीलाचा नव्हे. तो फरक आधीं पारखणें ज्यांचें काम होतें, त्यांच्याकडे जाण होती. दोष किंवा श्रेय ठेवावयाला जागा शोधावयाची तर ती तेथेंच सांपडते. आपल्याकडे १८९८ सालीं क्रिप्टोलीमस आणला तो कॉफीवरील हिरव्या खवले-किडीसाठीं. ती त्याला कांहीं आवरली नाहीं, पण पिठ्या ढेकणावर तो उपयोगी पडला. तें आपलें नशीब, शहाणपण नव्हे.

मग कृतज्ञतेचें काय? अजाणत्याचे उपकार मानावेत कीं नाहीं?

माझी आजी एक गोष्ट सांगत असे. आमच्या गांवीं एका गृहस्थाचें भावाशीं वांकडें आलें. भावाच्या आडावर पाणी भरावयास जाणें नको, म्हणून केवळ ईर्षेनें त्यानें स्वतःची विहीर खोदली, आणि ती भावाच्या विहिरीहून खोल असावी म्हणून दोन पुरुष अधिक खोदली. १९७२ च्या दुष्काळांत सबंध आळी त्या विहिरीवर जगली. त्या गृहस्थाविषयीं आजीचें मत शेवटपर्यंत वाईटच होतें. पण घागर वर आली कीं ती विहिरीला हात जोडी. मीं लहानपणीं तिला विचारलें, विहिरीला काय कळतें? ती म्हणाली, "तिला नाहीं कळत. मला कळतं ना."

पोळ्याच्या दिवशीं आपण बैलाला पुरणपोळी घालतों. बैलानें नांगर आपल्या प्रेमाखातर ओढला असें कोणीही समजत नाहीं. त्यानें तो चाबकाखातर ओढला. तरीही ती पोळी खोटी नसते. हेतु असेल तरच उपकार, ही अट देणाऱ्याच्या बाजूनें ठीक आहे, घेणाऱ्याच्या बाजूनें ती लागू करण्याचें कारण मला दिसत नाहीं. मिळालें हें मिळालें. परंतु मी येथें स्वतःची सोय तर पाहत नाहीं ना, हाही संशय आहे. ज्या कृतज्ञतेचा काळ माझ्या गरजेबरोबर सुरू होतो आणि गरजेबरोबर संपतो, तिला कृतज्ञता म्हणावें कीं व्यवहार? पोळा करणारे हात थकलेला बैल बाजारांत नेतात, हेंही आपण सर्वांनीं पाहिलें आहे. आजीचा नमस्कार निराळा होता, कारण दुष्काळ सरून गेल्यावर आणि घरांत नळ आल्यावरही ती तिकडून जातांना थांबत असे.

तेव्हां पायरीवरच्या प्रश्नाला माझें उत्तर असें कीं, होय, मावा न खाणारीं पिलें मारलीं असतीं तरी हातून तेंच घडलें असतें. मला तें फक्त कळलें नसतें. तें पाप म्हणावें कीं गरज म्हणावी, हा पुढचा वाद, आणि त्यांत वांग्याच्या बाजूनेंही पुष्कळ बोलतां येईल. हें उत्तर मीं घरांत सांगितलें. "मग आतां वांग्यावरच्यांचं काय करणार?" एवढेंच विचारलें गेलें.

त्यांचें काय करतों तें सांगतों. वेलाकडे मी आतां काडी घेऊन जात नाहीं, आणि मावा फारच वाढला तर नुसत्या पाण्याचा फवारा मारतों. वांग्यावरचे भुंगेरे मात्र दर रविवारीं सकाळीं हातानें वेंचून साबणाच्या पाण्यांत टाकतों. आम्हांला वांगीं हवीं आहेत. गेल्या रविवारीं सतरा निघाले. पूर्वीं मी ते मोजीत नसें.